पाकिटावरचा कलश

लोक वाचतात ते नंतर. आधी ते बघतात. ही गोष्ट मला कुठल्या शाळेत कुणी शिकवली नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात मी चौदा वर्षं खिळे जुळवले, तिथं ती कळली. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. केसीतून, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेटीतून, एकेक उचलायचं, हातातल्या स्टिकमध्ये उलटं लावायचं, ओळ भरली की पुढची ओळ. दिवसभर हेच काम. त्यानं डोळे अधू होतात आणि माणूस थोडा शिष्टही होतो. मी तर चांगलाच झालो होतो. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचायच्या सोडून मी त्यांच्या अक्षरांतल्या खोड्या काढायचो, आणि सोबतचा माणूस कंटाळून पुढं निघून जायचा.

एकदा रामदासपेठेतला एक डॉक्टर नवा लेटरहेड छापायला आला. म्हणाला, सगळ्यात बारीक टाइप घ्या, नाव वरच्या कोपऱ्यात टाका, बाकी कागद कोरा ठेवा. आमचे मालक हळहळले, एवढा कागद वाया जातो म्हणाले. त्याच आठवड्यात महालातलेच एक वैद्य दंतमंजनाची चिठ्ठी घेऊन आले. त्यांना अक्षर इतकं जाड हवं होतं की बाजारात बैलगाडीवर बसलेल्या माणसाला ते दिसलं पाहिजे, आणि एक बोटभर जागा रिकामी राहिलेली चालणार नव्हती. दोघांचंही बरोबर होतं. डॉक्टरकडं जाणाऱ्याला मोकळी जागा पाहून विश्वास वाटायचा, मंजन घेणाऱ्याला भरगच्च कागद पाहून. आमच्या वस्तीतल्या शेजारणीनं तर वर्षानुवर्षं वापरलेला अंगाचा साबण एका दिवसात सोडला, कारण कंपनीनं त्याचं वेष्टन बदललं होतं. "वास तोच हाय गा," ती मला म्हणाली, "पण आता तो दवाखान्यातला वाटते."

आमचे मालक वयस्कर, मनानं चांगले. नवीन माणूस आला की त्याला सगळ्या केसी दाखवत सांगायचे, "टाइपालाही जात असते बरं का. लग्नाचा टाइप मयताला बसवायचा नाही." एकदा हे बोलून झाल्यावर त्यांची नजर माझ्याकडं गेली आणि ते चष्मा पुसत बसले. मला राग आला नाही. उलट ते म्हणाले ते खरंच आहे, असंच मला वाटलं. आता वाटतं, थोडा राग यायला हवा होता.

माझी बायको पारशिवनीच्या पुढच्या एका खेड्यातली. छप्पन साली ती अकरा वर्षांची होती. बापाबरोबर काही वाट गाडीनं, काही पायी, अशी ती नागपूरला दीक्षेला आली होती, मोठ्या बहिणीचं पांढरं लुगडं कापून शिवलेला झगा घालून. परत गेल्यावर तिच्या बापानं देव्हाऱ्यातले देव, पूजेचा तांब्याचा कलश, सगळं एका फडक्यात बांधून नेलं आणि एकेक करून नदीत सोडलं. ही गोष्ट ती नेहमी सांगायची. देव बुडताना आवाज झाला नाही, कलश मात्र बुडबुड करत बुडला, हे सांगताना तिला अजून हसू यायचं. माझ्या घरीही तसंच झालं होतं, पण माझ्या लक्षात काही राहिलं नाही. तिच्या सगळं लक्षात राहायचं.

ती मसाला करायची. मिरची भिवापूरची, तीही स्वतः निवडून आणलेली. देठं काढून ती उन्हात वाळवायची, धने-खोबरं वेगवेगळं भाजायची, मग सगळं उखळात कुटायची. कुटणं सुरू झालं की अर्धी वस्ती शिंकायची आणि उरलेली अर्धी पुडी घ्यायला यायची. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली ती पुडी आमच्या इंदोऱ्यापासून पार रेल्वेच्या चाळीपर्यंत जायची. एका दिवशी जेवताना ती म्हणाली, "मले आता हा मसाला महालात विकायचा हाय."

मी म्हटलं, "महालात कोण घेईन वं आपला मसाला?"

"म्हणूनच तं. त्या बायकांनी आपला मसाला आपला म्हणून घेतला पाहिजे. माहीत असून घेतला पाहिजे. माह्या आजीच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिकडं. माह्या हातचं तिखट खातीन, तवा मले बरं वाटन."

तिचं म्हणणं एवढंच होतं. मी ते नीट ऐकलं होतं, म्हणून पुढं जे केलं त्याला माझ्याकडं सबब नाही.

पाकीट छापायचं ठरलं. वर काय चित्र हवं हेही तिनंच ठरवलं. आमच्या पोरीच्या पाटीवर तिनं पेन्सिलीनं पिंपळाचं पान काढलं, लांब टोकाचं, शिरा मोजून काढलेल्या. "पिंपळ आपल्याले चालते, त्याहिलेबी चालते," ती म्हणाली. "कोणाचं काही बिघडणार नाही, आन आपलं लपणारबी नाही." मी अक्षरांतला मोठा तज्ज्ञ, पण एवढी साधी आणि एवढी शहाणी खूण मला सुचली नव्हती. मी "पाहतो" म्हटलं आणि पाटी बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात मी लग्नपत्रिकांचा खण उघडला. त्यात कलशाचा तयार ठसा होता. वर नारळ, पाच पानं, पोटावर स्वस्तिक. बाजूच्या केसीत पोथीच्या वळणाचा टाइप होता, जरा नक्षीचा, काना सरळ न येता थोडा फुगून येणारा. मी "घरचा मसाला" एवढे दोन शब्द त्यात जुळवले, वर कलश बसवला, लाल शाई लावली. खाली बारीक अक्षरात पत्ता टाकला, "महाल, नागपूर". पत्ता छापखान्याचा होता, आमच्या घराचा नव्हता. पहिला छाप निघाला तेव्हा मालकांनी तो हातभर लांब धरून पाहिला. "वा," ते म्हणाले, "हे पाहून कुणालाही वाटेल की आत एखादी बाई सोवळ्यात बसून कुटतेय."

खरं सांगतो, मला आनंद झाला. माझी कारागिरी फळाला आली होती. मला जे दाखवायचं होतं तेच त्या कागदावर दिसत होतं, आणि दाखवायचं काय, तर माझ्या बायकोशिवाय दुसरं कुणीही.

संध्याकाळी गठ्ठा घरी नेला. तिनं एक कागद दिव्यापाशी धरून बराच वेळ पाहिला. ती चौथीपर्यंत शिकली होती, वाचायला वेळ लागायचा, पण कलश वाचावा लागत नाही.

"पान?" तिनं विचारलं.

"ठसा नव्हता वं. ब्लॉकवाला म्हणे, महिना लागन."

चित्रांचे ठसे करून देणारा हा ब्लॉकवाला आमच्या छापखान्यापासून दोन गल्ल्या सोडून बसायचा. चार दिवसांत पान करून दिलं असतं त्यानं. मी त्याच्याकडं गेलोच नव्हतो.

"आन महाल काहून लिहिलं?"

"विकायचं तं महालात हाय ना."

तिनं कागद परत गठ्ठ्यावर ठेवला, चारही कोपरे जुळवले आणि भाकरी थापायला बसली. मला वाटलं, पटलं.

मसाला चालला. महालातल्या एका किराणावाल्यानं समोरच्या फळीवर पाकिटं मांडली आणि महिनाभरात दर आठवड्याला पिशवी रिकामी होऊ लागली. सकाळी कामावर जाताना मीच पिशवी पोचवायचो. गिऱ्हाइकं पाकीट हातात घेत, उलटं करत, पत्ता वाचत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं व्हायचं. कुणी पत्त्यावर जरा जास्त वेळ डोळे ठेवले तरी मी सायकल काढून निघायचो.

वस्तीत मात्र वेगळंच झालं. रविवारी विहारात वंदना संपल्यावर एक म्हातारी बायकोजवळ आली. तिला सगळे आत्या म्हणायचे, मीसुद्धा. तिनं ओच्यातून मसाल्याचं एक पाकीट काढून बायकोच्या हातात ठेवलं. "बाई," ती म्हणाली, "आमी जे नदीत सोडलं ते तू बजारात मांडलं का वं?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बायकोनं उत्तर दिलं असतं. ती पाकीट घेऊन घरी आली आणि पुढच्या रविवारपासून विहारात जायची बंद झाली. कुटायचं काम राहिलं म्हणायची. रविवारी तर ती उखळाला हातही लावत नव्हती, हे मला दिसत होतं. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर पानाचा विषय निघाला असता.

मग तो दिवस आला. पोरीच्या शाळेच्या झग्याचं कापड घ्यायचं होतं म्हणून ती माझ्याबरोबर महालात आली. आधी किराण्याच्या दुकानात पिशवी टाकू आणि मग कापडाकडं जाऊ, असं ठरलं. दुकानात नऊवारीतल्या एक बाई उभ्या होत्या, पन्नाशीच्या, हसऱ्या, बोलक्या. त्यांनी दोन पाकिटं मागितली आणि दुकानदाराला सांगू लागल्या, "बाहेरचं तिखट मी घरात येऊ देत नाही हो. पण हे अक्षर बघूनच घेतलं. आमच्या पोथ्यांचं असायचं ना, अगदी तसं. कुणाकडचं आहे?"

दुकानदारानं माझ्याकडं बोट दाखवलं. "हे भाऊच आणतात."

"अगंबाई," त्या माझ्याकडं वळल्या. "कोणत्या गल्लीत राहता तुम्ही? तुमच्याकडच्या मंडळींना भेटायला हवं एकदा. खोबरं किती भाजतात ते विचारायचंय."

"इथंच," मी म्हटलं. "छापखान्याजवळ."

बायको माझ्या मागं उभी होती. ती पुढं आली. मी तिला एवढं खूश आजवर फार थोड्या वेळा पाहिलं होतं. कुणीतरी पहिल्यांदाच तिच्या खोबऱ्याबद्दल विचारत होतं आणि तेही महालात. "नाई बाई," ती म्हणाली, "आमी इंदोऱ्याले राहतो. मसाला मी कुटते. खोबरं मंद आचेवर, गुलाबी होईस्तोवर, मंग उतरवून घ्यायचं."

बाईंचं हसू गेलं नाही. तसंच राहिलं. "हो का. छान," त्या म्हणाल्या. मग हातातली दोन्ही पाकिटं त्यांनी हळूच फळीवर ठेवली, एकाशेजारी एक, नीट लावून. "आज राहू द्या. घरात आहे अजून थोडं." आणि जाता जाता त्यांनी पदराला बोटं पुसली. त्यांनी हे मुद्दाम केलं नाही. आपण बोटं पुसली हे त्यांना कळलंही नसेल, असंच मला आजही वाटतं. पण माझ्या बायकोनं ते पाहिलं.

कापड राहूनच गेलं. सायकलच्या कॅरिअरवर ती बसली. गांधीबागेपाशी आल्यावर तिनं मागून विचारलं, "तुमी छापखान्याजवळ काहून म्हटलं?"

मी पायडल मारत राहिलो.

"पानाचा ठसा खरंच नव्हता का?"

"करून भेटला असता," मी म्हटलं. "मीच नाही गेलो."

रडली नाही ती. म्हणाली, "त्या बाईनं तं आज फळीवर ठेवून देल्लं मले. तुमी पहिलेच ठेवून देल्लं व्हतं." मी सायकल थांबवली नाही, कारण थांबवली असती तर तिच्या तोंडाकडं पाहावं लागलं असतं. मला फार लाज वाटत होती. त्या बाईंची नाही, माझी.

गल्लीतल्या गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. मसाला तोच, हात तोच, पण फळीवरची पाकिटं हलेनात. पंधरा दिवसांनी दुकानदार स्वतः आमच्या घरी आला. माणूस वाईट नव्हता. खाटेवर बसला, चहा दिला तो काही न घुटमळता प्याला, बशीतला शेवटचा घोटसुद्धा. मग म्हणाला, "देखो भाऊ, मालात खोट नाही. चव बायकांना अजून हवी आहे, पण आता त्या हे पाकीट ओळखतात. तुम्ही असं करा, डब्यात भरून पाठवा. पाकीट माझं राहील, नाव दुसरं टाकू. तुमचंही काम सुरू राहील."

आणि माझ्या डोक्यात टाइप फिरू लागला. हे मला लिहून ठेवायचंच आहे. एवढं सगळं होऊन, त्या सायकलवरच्या बोलण्यानंतरही, त्या क्षणी मी मनातल्या मनात अक्षर निवडत होतो. हिरवी शाई बरी दिसेल, कलश नको, साधी वेल टाकू. मी मान हलवायच्या बेतात होतो.

चुलीपासून बायको म्हणाली, "भाऊ, च्या अजून घ्या. मसाला पाहिजे असन तं पुडी बांधून देते, तुमच्या घरी न्या. डब्यात नाही देत."

"वहिनी, नुकसान तुमचंच आहे."

"असू द्या. माह्या हातचं पोटात गेलं तं चालते, मी पाकिटावर दिसली तं चालत नाही. मंग मी कुटू काहून?"

दुकानदार खाटेवरून उठला. मग त्यानं खरोखरच एक पुडी मागून घेतली, पिशवीत टाकली आणि गेला. त्याच्या घरी ती शिजली की नाही, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून तिनं विकण्यासाठी मसाला कुटला नाही. वस्तीतल्या बाया येऊन विचारायच्या, आत्याही एकदा आली, दारात उभी राहून म्हणाली, "मी तसं बोलायले नको व्हतं बाई." बायको म्हणाली, तुमचं बरोबर होतं आत्या, हात दुखतो म्हणून बंद केलं. रविवारी ती पुन्हा विहारात जाऊ लागली. घरापुरतं तिखट करायची, तेही गुपचूप, वाटीभर. उरलेली पाकिटं मी छापखान्यात नेऊन रद्दीत टाकली. कलशाचा ठसा लग्नाच्या खणात परत गेला आणि पुढं कितीतरी पत्रिकांवर मीच तो छापला. ब्लॉकवाल्याकडं जाऊन पान करून घ्यावं, असं अनेकदा मनात आलं. गेलो नाही. आता ते करून तिला दाखवायचं कोणत्या तोंडानं, हा एक प्रश्न होता. दुसरं म्हणजे, ती ते पाहून हसली असती तर मला सहन झालं नसतं.

आमचा संसार वाईट झाला असं नाही. आम्ही बोलायचो, भांडायचो, पोरीचं शिक्षण केलं, तिला शाळेत नोकरी लागली तेव्हा वस्तीभर पेढे वाटले. पण छापखान्यातून काही नवीन छापून आणलं की पूर्वी ती हात पुसून पाहायला यायची, ते बंद झालं. मी कौतुकानं समोर धरलं तर "चांगलं हाय" म्हणायची आणि माझ्या हातातल्या कागदाकडं नाही, माझ्याकडं पाहायची. मी काय लपवलं आहे ते शोधत असावी, असं मला वाटायचं.

ऐंशीनंतर ती आजारी पडली. दम लागायचा, उभं राहवत नसे. शेवटच्या उन्हाळ्यात लग्न झालेली पोरगी महिनाभर येऊन राहिली होती. दुपारी दार लावून दोघी आत बसायच्या. आतून उखळाचा आवाज यायचा आणि मध्येच बायकोचा बारीक आवाज, अजून थोडं, बस, आता चाळ. मला शिंका येऊ नयेत म्हणून दार लावलं असेल, असं मी समजलो. बाहेर ओट्यावर मी वर्तमानपत्र घेऊन बसायचो आणि मनात म्हणायचो, बरं झालं, चव पोरीकडं जाईल.

पावसाळा संपता संपता ती गेली.

काही महिन्यांनी मी पोरीकडं गेलो होतो. तिनं वांग्याची भाजी केली होती. पहिला घास घेतला आणि हात तसाच ताटात राहिला. हुबेहूब तिचीच चव. मला एकदम वाटलं, हे कुठंतरी टिपून ठेवलं पाहिजे, नाहीतर तेही जाईल. म्हटलं, "आईच्या मसाल्याचं प्रमाण एका कागदावर लिहून दे मले. मी नीट उतरवून ठेवतो."

पोरगी पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "बाबा," ती म्हणाली, "आईनं शपथ घातली हाय. बाबाले सांगू नको म्हणे."

"काहून?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "म्हणे, तुहा बाप माणूस चांगला हाय, पण भित्रा हाय. उद्या कोणी दारात आलं, तं माह्या मसाल्याले दुसऱ्याचं कपडं घालून देईन."

ती लगेच म्हणाली, आई गमतीत म्हणाली असेल, दुखण्यात माणूस काहीही बोलतं, तुम्हाला हवं असेल तर मी सांगते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण मला माहीत होतं की ती गमतीत म्हणाली नव्हती. मरायच्या आधीच्या उन्हाळ्यात महिनाभर, श्वास पुरत नसताना, तिनं दार लावून तो मसाला माझ्यापासून वाचवला होता.

"नको सांगू," मी म्हटलं. "तुया आईनं बरोबर केलं." आणि पोळी मागून घेतली.